फोर्टात आपलं काय?

प्रश्न : मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरायचं आणि टॅक्सी पकडून खरेदीला नाहीतर दवाखान्यात जायचं, एवढीच आमची मुंबई. मुलगी आठवीत आहे, तिला इतिहासाचं वेड आहे. एका दिवसात तिला जुना फोर्ट पायी दाखवायचाय. सुरुवात कुठून करू? आणि खरं सांगा, त्या साहेबी इमारतींमध्ये आपल्या कोकणातलं काही आहे का?
— एक वाचक भगिनी, अलिबाग

उत्तर : ताई, फोर्टाला ‘फोर्ट’ म्हणतात ते गावाभोवतीच्या तटामुळे, आणि तो तट उभा राहिला तो बराचसा तुमच्या अलिबागच्या धास्तीने. गव्हर्नर चार्ल्स बून १७१५ मध्ये आला, तेव्हा या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय जहाज हाकणं अवघड होतं. बूनने मुंबईला तट घातला, आरमार जमवलं, विजयदुर्गावर आणि खांदेरीवर माणसं पाठवली. १७२१ मध्ये तर इंग्रज-पोर्तुगीज मिळून थेट अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. हे मुलीला लाँचमध्येच सांगा, समोर पाणी असताना.

गेटवेला टॅक्सी करू नका. रिगल सिनेमाच्या चौकातून शहीद भगतसिंग मार्गाला लागा. उजव्या हाताला गोदीचा लायन गेट दिसेल. आत नौदलाची हद्द आहे, फोटो काढू नका. सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांच्या घराण्याने याच गोदीत सागवानी जहाजं बांधली. १८१७ मध्ये इथे पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमली’ इंग्लंडमध्ये अजून तरंगतं आहे. पुढे टाउन हॉलच्या मागच्या बाजूला, इंग्रजांचा मूळ कोट होता त्या जागेवर, आज नौदलाचा तळ आहे. त्याचं नाव ‘आयएनएस आंग्रे’! आत जाता येत नाही, पण ज्याच्या भीतीने तट घातले त्याचंच नाव तिथे लागलंय, हे मुलीला कळलंच पाहिजे.

टाउन हॉलच्या पायऱ्यांवर निवांत बसा. नोकरीची सगळी वर्षं मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका ऑफिसात काढली, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून पाय इकडेच वळायचे. इमारत १८३३ ची. आत एशियाटिक सोसायटी आहे. जगन्नाथ शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा इथेच. दापोलीच्या शाळेत शिकलेले भारतरत्न पां. वा. काणे या संस्थेशी वर्षानुवर्षं जोडलेले होते. आणि १८३२ च्या ६ जानेवारीला याच शहरात मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. आपलं काय आहे म्हणता? हे आहे. आत जायची वेळ मात्र आधी विचारून घ्या.

समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावलीला थांबा. पलीकडचं सेंट थॉमस चर्च १७१८ चं. त्याच्यावरून तटाच्या एका दरवाजाला चर्चगेट म्हणत. आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे, तिथे तो दरवाजा होता.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवलीत तर सबंध फोर्ट उलगडेल. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडले. त्या मोकळ्या पट्ट्यात आणि बाहेरच्या मैदानाच्या कडेने रुंद रस्ते, हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर असं सगळं भव्य उभं राहिलं. गल्ल्या अरुंद आणि वाकड्या झाल्या की समजायचं, आपण तटाच्या आतल्या जुन्या गावात आहोत.

ते जुनं गाव बघायला बाजारगेटच्या बाजूला जा. पाटीवर पेरीन नरिमन स्ट्रीट असेल. लाकडी सज्जे, कागदाची आणि हार्डवेअरची दुकानं, हातगाड्या. १७०९ ची बनाजी लिमजी अग्यारी जवळच आहे. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, बाहेरूनच बघा. मला विचाराल तर राजाबाई टॉवर एक वेळ राहिला तरी चालेल, ही गल्ली चुकवू नका. टोकाला बोरीबंदरासमोर (सीएसएमटी स्टेशन) पंचम पुरीवाल्याकडे पुरी-भाजी खा.

फ्लोरा फाउंटनपाशीच हुतात्मा चौक आहे, तो जेवणाआधी करा. तिथे २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या चालल्या. स्मारकावरची नावं मुलीला मोठ्याने वाचू द्या.

रविवारी जा, ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे मिळतात. बाजारगेटची दुकानं उघडी हवी असतील तर मात्र शनिवार बरा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतरचं बघा. आणि संध्याकाळी बोरीबंदरला पोचलात की गेटवेला उलटं जाऊ नका. भाऊचा धक्का तिथून जवळ आहे, रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, मांडव्याला उतरा. वेळ आणि तिकीट आदल्या दिवशीच बघून ठेवा.