रानभाज्या खायला हॉटेलात पहिल्यांदाच जाताय?

जा की, बिनधास्त जा! फक्त मेनूकार्ड बाजूला ठेवा आणि फळ्यावर खडूने काय लिहिलंय ते बघा. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, फोडशी. कर्टुली जरा नंतर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
– पहिल्याच दिवशी भारंगी मागवतात. ती कडू लागली की सगळ्याच रानभाज्यांवर फुली! सुरुवात फोडशीच्या भज्यांनी करा.
– प्रत्येकाला वेगळी थाळी घेतात. त्यापेक्षा चौघांत चार भाज्या, भाकऱ्या हव्या तितक्या.
– रविवारी दीडला पोचतात. गोंगाट, रांग, आणि शेवळं संपलेली.

शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यात काकड या रानझाडाची आंबट फळं घालतात. तो आंबटपणा म्हणजे भाजी बिघडली असं समजू नका. मी समजलो होतो, वाढणाऱ्या मावशी पोटभर हसल्या. पनीर मात्र घरीच खा.