उजेड डोळ्यांपर्यंत पोचू दे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. अभ्यास नीट चाललाय, मैत्रिणीही चांगल्या मिळाल्यात, मग दुपारी तीनला रडू का येतं, असं विचारलंस. हेलसिंकीतला नोव्हेंबर आहे, म्हणून. 1 तारखेला तिथे पावणेनऊ तासांच्या आसपास दिवस असतो, महिनाअखेरीस जेमतेम साडेसहा. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा 11 तासांचा. त्यात तिथे बर्फ अजून टिकत नाही, आणि ओली काळी जमीन असेल तो उजेडही गिळते. फिनिश लोक या महिन्याला 'मार्रासकू' म्हणतात. त्या नावातच मरण आहे.

आता माझा हट्ट ऐक: उजेड डोळ्यांपर्यंत पोचला पाहिजे. खोलीत दिव्यांच्या माळा लावल्यास, छान दिसत असतील, पण खोलीतला दिवा 100 ते 300 लक्स देतो (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा हजाराच्या पुढे मिळतात. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी शरीराचं घड्याळ लावण्याचं काम करतात, आणि त्यांना असा भरपूर उजेड लागतो, तोही सकाळी.

म्हणून दिवा घे, 10,000 लक्सचा, अतिनील किरण गाळणारा. खोक्यावर अंतर लिहिलेलं असतं: 10,000 लक्स, इतक्या सेंटिमीटरवर. ते वाच! बहुतेकांचं इथेच चुकतं. दिवा दुप्पट लांब ठेवलास तर उजेड साधारण चौथाईवर येतो. उठल्यावर तासाभरात 30 मिनिटं, दिवा समोर पण किंचित बाजूला, डोळे उघडे, त्याच्याकडे टक लावायची नाही. तेवढ्यात चहा-पोहे होतात. संध्याकाळी मात्र लावू नकोस, झोप आणखी पुढे ढकलली जाते. चार दिवसांत फरक नाही म्हणून बंदही करू नकोस, दोन आठवडे दे. डोळ्यांचा आजार असेल, किंवा मन कधी अति उंच, कधी अति खोल जात असेल, तर आधी डॉक्टर.

आणि दुपारी बाराला बाहेर पड. पाऊस असला तरी. अर्धा तास. खिडकीशी बसून भागवू नकोस. काचेतून दोन पावलं आत आलीस की उजेड झपाट्याने उतरतो. बाराला भारतात साडेतीन वाजलेले असतात, आईच्या चहाची वेळ. तिला तेव्हाच फोन कर, चालता चालता. रात्री अंथरुणात फोन लावून दोघीही रडायचं, हे बंद कर. रागावतोय असं वाटेल. वाटू दे. उजेडाचं काम जिद्दीने होत नाही, एवढं कळायला मला फार उशीर लागला, म्हणून तुझ्यामागे लागतोय.

कोटाला रिफ्लेक्टर लाव, गुडघ्याच्या उंचीवर लोंबता. तिथे काळोखात चालणाऱ्याने तो लावायलाच हवा. महिनाअखेरीस साडेतीनच्या आधीच सूर्य मावळतो, आणि अंधारात गाडीवाल्याला काळा कोट दिसत नाही.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. ते कातडीतून बनतं, आणि ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हात त्यापुरते किरणच नसतात. दिव्यानेही ते मिळत नाही. दिवसाला 10 मायक्रोग्रॅम म्हणजे 400 आययूची गोळी घे. आईने पाठवलेली आठवड्याची 60,000 वाली मनानेच घेत राहू नकोस.

सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत झोपायचं नाही. तुला हे सगळ्यात जड जाईल, ठाऊक आहे. पण अकराला उठलीस तर महिनाअखेरीस उजेडाचे दोन तास गेले, उरले साडेचार, आणि घड्याळ पुन्हा सरकलं ते वेगळंच. उठायची वेळ रोज तीच ठेव, झोप कमी झाली तरी.

दोन आठवडे हे सगळं नेमाने करूनही भूक, झोप, वाचन ताळ्यावर आलं नाही, तर विद्यार्थ्यांच्या आरोग्यसेवेत जा. जगणं नकोसं वाटायला लागलं, तर दोन आठवड्यांचीही वाट न पाहता जा. तिथल्या लोकांना नोव्हेंबर समजावून सांगावा लागत नाही.

दिवा कोणता घेतलास आणि त्यावर किती सेंटिमीटर लिहिलंय, ते कळव.

तुझा काका