डिस्चार्ज कार्डावर ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) लिहून घ्या, आणि त्याआधी बाबांचा खांदा जपा

बाबांचा डावा हात लुळा पडलाय, फिजिओ रोज घरी येतात, तरी खांदा ठणकतो, ताटातलं अर्धं अन्न तसंच राहतं आणि डॉक्टर ‘वेळ लागेल’ एवढंच सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या अण्णांचंही पक्षाघातानंतर अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालूच असतील, त्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही. इथलं काहीही करण्याआधी बाबांना प्रत्यक्ष तपासणाऱ्यांना विचारा.

आधी ताटाचं. नेमकं कुठल्या बाजूचं अन्न राहतं ते बघा. अण्णा चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड यांना हातच लावत नव्हते. घरात सगळ्यांना वाटलं, तोंडाची चव गेली. मग ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्या उपचाराच्या (ओटी), मॅडम पहिल्यांदा घरी आल्या, त्या जेवणाच्याच वेळी. त्यांनी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. अण्णांनी कोशिंबीर संपवली आणि आता भाजी तशीच राहिली! मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की कधीकधी डावीकडे काही आहे याची जाणीवच होत नाही. डोळे चांगले असतात, लक्ष तिकडे जात नाही. म्हणूनच अण्णा डाव्या चौकटीला धडकायचे आणि डावा गाल दाढी न करताच सोडायचे. मॅडमनी ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आणि तिथपर्यंत नजर नेऊन मगच घास घ्यायची सवय लावली. गप्पा मारायला आम्ही डावीकडे बसू लागलो. बोलवायची घंटी मात्र उजव्या हाताशीच ठेवली, कारण अडचणीच्या वेळी ती लगेच सापडायला हवी.

आता खांद्याचं. आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते हेच. रुग्णालयाचं नाव घेत नाही. जीव वाचवला त्यांनी, ते ऋण आहेच. पण घरी सोडताना कार्डावर एकच ओळ होती : ‘घरी फिजिओथेरपी, महिन्याने दाखवणे’. लुळ्या हाताला आधार कसा द्यायचा, कुशीवर कसं वळवायचं, हे कुणी सांगितलं नाही. वॉर्डात अण्णांना काखेत हात घालून उचलायचे, तेच बघून घरी ठेवलेला माणूसही तसंच करायचा. स्नायू सैल पडलेले असताना हाताच्या नुसत्या वजनानेही खांदा खाली सरकतो, त्यात ही ओढाओढ. भर म्हणून दारावर पुली टांगून हात वर ओढायचा व्यायाम सुरू झाला. अशा खांद्याला डोक्यावरची पुली नको, हे आम्हाला ओटी मॅडमकडून कळलं तोवर अण्णा हाताला कुणाला शिवू देत नव्हते. बोटं थोडी हलू लागली होती, पण दुखण्यामुळे हाताचं काम कित्येक महिने मागे गेलं. याचा राग अजून जात नाही.

पुढचा छळ कागदाचा. आमच्या मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरलेले होते. ओटीची बिलं टाकली तर कंपनीने विचारलं, कार्डावर सल्ला कुठे आहे? रुग्णालयाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, सही झालेलं कार्ड बदलत नाही. मेंदूविकार विभागाने फिजिओ विभागाकडे पाठवलं, त्यांनी परत मेंदूविकार विभागाकडे. त्यात ६० दिवस सरले. मुंबईत केईएममध्ये कमला निंबकरांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. एवढ्या वर्षांनंतरही डिस्चार्ज कार्डावर त्या उपचाराला एक ओळ मिळू नये? तुम्ही आजच डॉक्टरांच्या लेटरहेडवर तारखेसकट लिहून घ्या : ओटी, गिळण्याची तपासणी, फिजिओ. विमा पैसे देईलच असं नाही, पण कागद नसेल तर नक्कीच देणार नाही.

फिजिओ वाईट असं मला मुळीच म्हणायचं नाही. अण्णा चालायला लागले ते फिजिओंमुळेच. पण अंघोळ, कपडे, संडास, जेवण ही रोजची कामं पुन्हा कशी जमवायची, हे ओटीचं काम. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी, एवढ्या एका गोष्टीने आईची रोजची झटापट थांबली. दिवसभर रबरी चेंडू दाबायला लावत असतील तर तेही ओटीला विचारा. अण्णांची बोटं आधीच मिटत चालली होती, म्हणून आमच्या मॅडमनी तो बंद केला. आणि माझं ठाम मत : सगळ्यांसाठी एकच वही ठेवा. आमच्याकडे फिजिओ, ओटी, स्पीच थेरपिस्ट तिघेही त्यातच लिहायचे, आणि पुली कुणी बंद केली, का केली, हे दुसऱ्या दिवशी पुढच्याला कळायचं. मोठ्या केंद्रांत ही मंडळी एकत्र बसून ठरवतात. घरी ते आपल्यालाच जुळवून आणावं लागतं.

पाणी किंवा चहा पिताना ठसका लागतो का, प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता होतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर स्पीच थेरपिस्टला लगेच दाखवा, गिळण्याची तपासणी तेच करतात. अन्नपाणी फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. तोवर बाबांना निजवून काही भरवू नका. बाबा गप्प गप्प, चिडचिडे झाले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे.

ओटी शोधताना राज्य परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारा. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे ओटी विभाग आहेत. खाजगीच्या मानाने खर्च बराच कमी. रोज नेणं जमत नसेल तर निदान एकदा नेऊन घरचा कार्यक्रम लिहून आणा.

अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. मेंदूच्या आजारात तपासणी साधारण सहा महिन्यांनंतर करतात, त्यामुळे आत्ता धावपळ नको. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व निघालं आणि बाबा तुमच्यावर अवलंबून असतील, तर जुन्या करप्रणालीत तुम्हाला ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून सव्वा लाखाची.

खांद्याचा एक्स-रे काढला असेल तर त्यात काय लिहिलंय ते नाव झाकून इथे टाका. संडास भारतीय आहे की कमोड, आणि बाथरूमच्या दाराची रुंदी किती, तेही सांगा. उजव्या हाताला धरता येईल असा दांडा नक्की कुठे बसवायचा, ते त्यावरूनच ठरेल.