वाचकांचे प्रश्न : सायबॉर्ग पाहताना आपण नेमके कशाला भितो?

प्रश्न : माझ्या यजमानांना गेल्या वर्षी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पेसमेकर बसवला. सुट्टीत आलेला नातू टीव्हीवर विज्ञानकथांच्या मालिका पाहतो. त्यातली अर्धी लोखंडाची झालेली माणसे पाहून त्याने आजोबांना विचारले, "तुम्हीसुद्धा असेच होणार का?" यजमान त्या वेळी हसले, परंतु रात्री त्यांनी मला तोच प्रश्न गंभीरपणे विचारला. शरीरात यंत्र बसवणे या मालिकांना इतके भयंकर का वाटते?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पेसमेकर बसवलेली व्यक्ती सायबॉर्ग, म्हणजे शरीर आणि यंत्र यांचा मेळ झालेला माणूस, ठरते का, असे कोणी विचारले, तर काटेकोर अर्थाने होकारच द्यावा लागेल, आणि त्यात दचकण्यासारखे काहीही नाही. ही संज्ञा १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन संशोधकांनी अंतराळवीरांचा विचार करताना घडवली. शरीराच्या नित्याच्या क्रिया यंत्राने आपोआप सांभाळाव्यात, म्हणजे माणूस शोध घ्यायला, विचार करायला आणि भावना अनुभवायला मोकळा राहील, अशी त्यांची अपेक्षा होती. आपल्या यजमानांच्या छातीतील यंत्र नेमके हेच काम करीत आहे.

या कल्पनेला भयाची किनार लागली ती टीव्हीवर, आणि तीही एका वैद्यकीय संशोधकामुळे. लंडन विद्यापीठात नेत्रविषयक संशोधन करणारे किट पेडलर यांनी जेरी डेव्हिस यांच्यासह बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेसाठी सायबरमॅन निर्माण केले आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये ते प्रथम पडद्यावर आले. माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर स्वीडनमध्ये १९५८ सालीच बसवला गेला होता, आणि डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला पहिले मानवी हृदयारोपण होणार होते. एकेक अवयव बदलत गेल्यास माणूस कुठे संपतो, हा प्रश्न त्या काळी प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात येऊन पोहोचला होता. सायबरमॅन कारखान्यात तयार झालेले नव्हते. ती मोंडास नावाच्या ग्रहावरची माणसेच होती, ज्यांनी आयुष्य वाढावे म्हणून अवयव बदलले आणि शेवटी भावना ही दुर्बलता समजून तीही काढून टाकली.

त्या पहिल्या कथेतील त्यांचे रूप जरूर पाहावे. चेहऱ्यावर कापडाचे आवरण, डोक्यावर दिवा, छातीवर अवजड पेटी, आणि या सगळ्याखाली उघडे, माणसाचे हात. प्रत्येकाला स्वतःचे नावही होते. पुढच्या कथांमध्ये हात झाकले गेले आणि नावेही गेली, परंतु माझ्या मते पुढच्या चकचकीत सायबरमॅनपेक्षा हे उघड्या हातांचे सायबरमॅन कितीतरी अधिक अस्वस्थ करतात, कारण ते आपले कोणीतरी होते, हे त्या हातांकडे पाहिल्यावर विसरता येत नाही.

अमेरिकेत १९७४ ते १९७८ या काळात चाललेल्या 'द सिक्स मिलियन डॉलर मॅन'मध्ये मात्र अशीच शस्त्रक्रिया झालेला अंतराळवीर नायक ठरला. दोन्ही पाय, उजवा हात आणि डावा डोळा यंत्राचे, आणि खर्च सरकारचा. म्हणून तो सरकारच्या मोहिमांवर जातो. आपल्याकडे गावाच्या सीमेवरचा देवचार जसा भीतीचाही विषय असतो आणि राखणदारही असतो, तसेच सायबॉर्गचे आहे. तो कोणाच्या बाजूने उभा आहे, यावर सारे ठरते.

ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'मध्ये दिसते. तेथे १९८९ साली बोर्ग आले. ते इतर प्रजातींना पकडून, त्यांच्या शरीरात यंत्रे रोवून, सर्वांना एकाच सामूहिक मनाचे भाग बनवतात. १९९० साली मालिकेतील अंतराळजहाजाचा खुद्द कॅप्टन पिकार्डच त्यांच्या हाती लागतो. शरीरात यंत्रे रोवली जात असताना तो निश्चल पडून आहे आणि त्याच्या गालावरून एकच अश्रू ओघळतो. आत कोणीतरी जागे आहे आणि त्याला नाही म्हणता येत नाही, एवढे त्या अश्रूतून कळते. याच मालिकेत, याच जहाजावर, जॉर्डी ला फोर्ज हा जन्मांध अभियंता आहे, जो मेंदूशी जोडलेल्या एका उपकरणाच्या साहाय्याने पाहतो. त्याच्याकडे पाहून कोणीही भीत नाही. ते उपकरण त्याचे आहे आणि हवे तेव्हा तो ते काढून ठेवू शकतो. १९९१ सालच्या एका भागात मात्र शत्रू त्याच जोडणीतून त्याच्या मेंदूत शिरून त्याला खुनासाठी वापरू पाहतात, आणि त्याच क्षणी आपल्याला भय वाटू लागते. उपकरण तेच, माणूस तोच. फक्त ताबा दुसऱ्याकडे गेलेला असतो.

अलीकडचे भय कंपनीच्या बिलाचे आहे. 'ब्लॅक मिरर' या मालिकेच्या २०२५ सालच्या 'कॉमन पीपल' या भागात एका शिक्षिकेचा मेंदू कंपनीच्या सेवेवर चालतो. हप्ता वाढत जातो, आणि जेव्हा तो नवरा-बायकोला परवडत नाही, तेव्हा तिच्या तोंडून नकळत जाहिराती बाहेर पडू लागतात. ही भीती मला सर्वांत खरी वाटते.

यजमानांना आणखी एक सत्य घटना सांगावी. बिनतारी संपर्कातील त्रुटी दूर करण्यासाठी २०१७ साली अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांची प्रणाली सुधारण्याची व्यवस्था झाली. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नव्हती. डॉक्टरांकडे जाऊन सुमारे ३ मिनिटांत काम होत होते. भयाला असे उत्तर देता येते, आणि ते मालिकांमध्ये फारसे दिसत नाही, याची मला खंत वाटते. नातवाला 'ब्लॅक मिरर' इतक्यात दाखवू नये. १९९२ सालचा 'आय, बोर्ग' हा 'स्टार ट्रेक'चा भाग त्याने आजोबांसोबत बसून पाहावा. त्यात समूहापासून तुटलेल्या एका तरुण बोर्गला ह्यू हे नाव मिळते आणि तो 'मी' म्हणायला शिकतो.

प्रश्न : सायबॉर्गचा विषय चित्रपटापेक्षा मालिकेत अधिक परिणामकारक का वाटतो?
– एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : कारण मालिकेत सायबॉर्गच्या सहवासात राहावे लागते. 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर'मधील सेव्हन ऑफ नाइन १९९७ पासून २००१ पर्यंत दर आठवड्याला प्रेक्षकांना भेटत होती. लहानपणीच बोर्गांनी नेलेली ही स्त्री सुटकेनंतर आनंदित होत नाही, तर परत जाण्याची मागणी करते. शरीरातील बोर्ग यंत्रे काढण्यास तिने स्पष्ट नकार दिलेला असतानाही जहाजाची कॅप्टन जेनवे डॉक्टरकरवी ती काढवते. एक तर तिचे शरीर ती यंत्रे नाकारू लागलेले असते, आणि शिवाय जिला कधी निवड करायलाच मिळाली नाही, तिचा नकार कसा ग्राह्य धरावा, असे कॅप्टनला वाटते. मग तुमच्यात आणि बोर्गांमध्ये फरक काय, असा सेव्हनचा आक्षेप आहे, आणि मला तो आजही बिनतोड वाटतो. दोन तासांच्या चित्रपटाला या वादाचा निकाल लावून मोकळे व्हावे लागले असते. मालिकेने तो चार वर्षे चालू ठेवला आणि तिच्या डाव्या भुवईवरील धातूचा तुकडाही तसाच राहू दिला.