ताळेबंदातले १८ लाख म्हणजे पूर्ण हिशेब नव्हे

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत माझे यजमान आणि त्यांचे दोन मित्र यांची मशीन शॉपची नोंदणीकृत भागीदारी फर्म आहे. यजमानांचा हिस्सा ४० टक्के, बाकी दोघांचा ३०-३० टक्के. ३० सप्टेंबरला यजमान अचानक गेले. आता भागीदार म्हणतात, ३१ मार्चच्या ताळेबंदात त्यांच्या खात्यावर १८ लाख जमा आहेत, तेवढ्याचा चेक घ्या आणि या कागदावर सही करा. कागद कन्नडमध्ये आहे, मला वाचता येत नाही. फर्मच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल करायच्या) कर्जाला यजमानांच्या नावावरचे आमचे राहते घर तारण आहे. मला दोन मुली आहेत, धाकटी दहावीत. सासूबाई चंदगडला असतात. सही करू का?

उत्तर : ताई, सही करू नका. कागदाचा फोटो, भागीदारीपत्राची प्रत आणि ताळेबंद तुम्ही पाठवलात हे फार चांगले केलेत. नाहीतर या प्रश्नाला अंदाजानेच उत्तर द्यावे लागले असते.

आधी त्या कन्नड कागदाविषयी सांगतो. तिसऱ्या परिच्छेदात लिहिले आहे की १८ लाख ही पूर्ण आणि अंतिम रक्कम असून यापुढे फर्मची मालमत्ता, गुडविल (म्हणजे धंद्याने कमावलेली पत) आणि नफा यांवर वारसांचा कसलाही हक्क राहणार नाही. चौथ्या परिच्छेदाबद्दल तुम्हाला कोणी बोललेले दिसत नाही. बँकेकडचे घराचे तारण पुढेही चालू राहील आणि त्याला वारसांची हरकत नाही, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे फर्ममधून तुम्ही बाहेर, आणि घर मात्र फर्मच्या कर्जाला अडकलेलेच. आपल्या भागात असे कागद नेहमी येतात आणि ‘वाचून काय करणार, घरचीच माणसं आहेत’ म्हणून सह्या होतात. जो कागद वाचता येत नाही त्याचे मराठी भाषांतर मागा. ते मिळेपर्यंत पेन हातात घेऊ नका.

आता कायदा. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ४२ प्रमाणे भागीदार वारला की फर्म विसर्जित होते, पण भागीदारांचा करार वेगळा असेल तर होत नाही. तुमच्या भागीदारीपत्रात फर्म चालू राहील आणि मयताच्या वारसांना ‘हिशेब करून रक्कम द्यावी’ असे कलम आहे. (भागीदार दोघेच असते तर या कलमाचा उपयोग नव्हता. उरलेल्या एकट्याची भागीदारी होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलेले आहे.) तेव्हा फर्म चालूच राहणार. भांडण फर्म बंद करण्याचे नाही, ‘हिशेब करून’ या शब्दांत काय काय येते याचे आहे. ३१ मार्चच्या ताळेबंदावर हिशेब थांबवायचा, असे तुमच्या भागीदारीपत्रात कुठेही लिहिलेले नाही.

भांडवल खात्यावरची रक्कम ही हिशेबाची सुरुवात असते. तुमच्या ताळेबंदात जागा आणि शेड ९ लाखांना दाखवले आहे. ही जुनी खरेदी किंमत, त्यातून घसारा वजा केलेला. उद्यमबागेत आज त्या जागेला काय भाव येईल हे तुमच्या भागीदारांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. समजा मूल्यांकनात ६९ लाख निघाले. वाढ ६० लाखांची, त्यातले ४० टक्के म्हणजे २४ लाख यजमानांच्या खात्यावर जमा व्हायला हवेत. हाच न्याय उलट बाजूनेही लावायचा. लेथ आणि मिलिंग मशिने वहीत २२ लाखांची आहेत. ती आज १७ लाखांचीच भरली, तर ५ लाखांच्या तुटीतले २ लाख यजमानांच्या वाट्याला येतात. वसूल न होणारी जुनी येणी अडीच लाखांची निघाली तर आणखी १ लाख वजा. ताळेबंदात ६ लाखांचा राखीव निधी दिसतो. तो म्हणजे न वाटलेला नफाच, त्यातले २ लाख ४० हजार तुमचे.

मग एप्रिल ते सप्टेंबरचा नफा. यजमान या सहा महिन्यांत रोज शॉपवर जात होते, तेव्हा तो त्यांचाच आहे. गेल्या वर्षीचा नफा १२ लाख. त्याच प्रमाणात धरला तर सहा महिन्यांचे ६ लाख, आणि ४० टक्क्यांनी २ लाख ४० हजार. पण जीएसटी रिटर्नमधली या सहा महिन्यांची विक्री गेल्या वर्षाशी ताडून पाहायला सांगा. विक्री वाढली असेल तर नफाही त्या मानाने धरावा लागेल. याच काळात यजमानांनी घरखर्चासाठी दीड लाखाची उचल केल्याचे तुम्ही लिहिता. ती वजा होईल.

राहिले गुडविल, आणि खरी रस्सीखेच इथेच होते. भागीदार म्हणतील, ताळेबंदात गुडविल नाही, मग देणार कुठून? वहीत नसणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. स्वतः कमावलेली पत कोणी वहीत मालमत्ता म्हणून लिहीत नाही, पण धंद्यात ती असतेच. पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या कंपन्यांकडे तुमच्या फर्मचा व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंद) आहे, दर महिन्याला कास्टिंग (ओतीव भाग) मशिनिंगला येतात, तपासून परत जातात, पैसे येतात. हे यजमानांनी घडवलेले आहे आणि ते गेल्यावरही त्या ऑर्डरी येणारच. खुशाल खेमगर शहा विरुद्ध खोर्शेद बानू बोटवाला या १९७० च्या निकालात सुप्रीम कोर्टासमोर हाच प्रश्न होता. तिथेही भागीदाराच्या मृत्यूनंतर फर्म चालू ठेवायची असे कलम होते. कोर्ट म्हणाले की एवढ्यावरून वारसांचा गुडविलमधला हक्क बुडत नाही. तुमच्या भागीदारीपत्रात गुडविल वगळल्याचा शब्द नाही, त्यामुळे हा निकाल तुमच्या बाजूचा आहे. किती धरायचे ते बोलून ठरवावे लागते. तीन वर्षांचा सरासरी नफा १० लाख, त्याच्या दुप्पट २० लाख, आणि त्यातले तुमचे ८ लाख, ही एक रूढ रीत.

सगळे मिळवून-वजा करून माझ्या आडाख्यात ५० लाख ३० हजार येतात. १८ लाखांच्या जवळजवळ पावणेतीनपट. आकडे मूल्यांकनात वर-खाली होतील, जागेचा भाव कमी लागला तर बरेच खाली येतील. तरीही चेक किती अपुरा आहे हे लक्षात यावे.

पैसे लगेच न देता फर्म तुमच्याच भांडवलावर चालत असेल, तर कलम ३७ पाहा. हिशेब चुकता होईपर्यंत तुमच्या हिश्श्याच्या वापरातून झालेला नफा किंवा सालाना ६ टक्के व्याज, यांपैकी एक मागता येते आणि निवड वारसांची असते. ५० लाख ३० हजारांवर ६ टक्के म्हणजे महिन्याला २५,१५० रुपये. भागीदारीपत्रात उरलेल्यांना तुमचा हिस्सा विकत घेण्याचा पर्याय असता आणि तो त्यांनी रीतसर वापरला असता, तर हे मिळाले नसते. तुमच्या पत्रात तो पर्याय नाही.

वह्या दाखवायला भागीदारांनी नकार दिला तर कलम ९ दाखवा. भागीदाराच्या कायदेशीर वारसालाही खरा हिशेब आणि संपूर्ण माहिती देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आता घर. यजमानांच्या निधनानंतर फर्म जे नवे व्यवहार करील त्यांची जबाबदारी त्यांच्या मालमत्तेवर येत नाही, असे कलम ३५ सांगते. जामिनाबाबतही करार कायद्याचे कलम १३१ म्हणते की जामीनदाराच्या मृत्यूने चालू जामीन, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांसाठी दिलेला जामीन, पुढच्या व्यवहारांपुरता संपतो. मात्र ‘विरुद्ध करार नसेल तर’ ही अट त्यात आहे आणि बँकांच्या छापील फॉर्ममध्ये असा विरुद्ध करार बहुधा असतोच. म्हणून आजच बँकेच्या शाखेला लेखी कळवा : मृत्यूची तारीख, त्या तारखेची सीसी खात्यावरची बाकी लेखी मागणे, आणि आमच्या संमतीशिवाय या तारणावर पुढची उचल देऊ नये ही विनंती. पोच शिक्क्यासह घ्या. भागीदारांची घाई का, ते इथे कळते. भागीदार बदलल्यामुळे बँकेला लिमिट नव्याने मंजूर करायचे आहे आणि त्यासाठी वारसांच्या सह्या हव्या आहेत. तुमच्या सहीला आज किंमत आहे. रक्कम आणि घराची सुटका एकाच वेळी, एकाच करारात झाली तरच ती द्या.

मुलींपैकी कोणाला फर्ममध्ये ‘घेऊ’ असे म्हणाले तर सध्या नको म्हणा. भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. धाकटीला नफ्यापुरते घेतले, तर सज्ञान झाल्यावर किंवा ही गोष्ट कळल्यावर, जे नंतर घडेल तिथून सहा महिन्यांत जाहीर नोटीस द्यावी लागते, नाहीतर ती आपोआप पूर्ण भागीदार ठरते.

यजमानांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने तुम्ही, दोन मुली आणि सासूबाई यांचा प्रत्येकी पाव हिस्सा. सासूबाईंना विसरून केलेला करार नंतर मोडू शकतो. त्यांनाही सगळे नीट सांगा आणि चौघींचा वंशावळीचा दाखला काढून ठेवा.

भागीदार वाईटच आहेत असे मी मानत नाही. खात्यावरची बाकी दिली की झाले, असे पुष्कळ धंदेवाल्यांना मनापासून वाटते. आधी दोन्ही बाजूंना मान्य असलेला तिऱ्हाईत सीए आणि सरकारमान्य व्हॅल्युअर नेमा आणि समोरासमोर बसा. पैसे एकरकमी जमत नसतील तर व्याजासह हप्ते बांधून घ्या. जमलेच नाही तर तुमच्या भागीदारीपत्रात लवादाचे कलम आहे आणि ते भागीदाराच्या मृत्यूनंतरही वारसांना वापरता येते. थेट दावा लावलात तर कोर्ट तुम्हाला लवादाकडेच पाठवील, तेव्हा पहिली नोटीस लवादाची द्या. मुदत ३० सप्टेंबरपासून तीन वर्षांची धरून चाला. बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. भागीदारांनी देणे असल्याचे मुदतीच्या आत सही करून लिहून दिले, तरच ती नव्याने मोजली जाते. म्हणून पहिल्या बैठकीचे टिपण करा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या.