घट्टे पडलेल्या बोटांना मोबाइलचा टच का लागत नाही?

आपण विचारले आहे की, शेतात राबणाऱ्या आपल्या वडिलांच्या बोटांना मोबाइलची स्क्रीन दाद देत नाही, त्याच स्क्रीनवर आपले बोट मात्र लगेच चालते आणि बँकेतल्या जुन्या यंत्रावर वडिलांनाही अडचण येत नाही. मग दोष कशात आहे, त्यावर उपाय काय, आणि सगळीच उपकरणे टचस्क्रीनची होत चालली आहेत हे बरे आहे का? परभणीत मी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. कापूस वेचणी सुरू झाली की “टच गेला आहे, बदलून द्या” म्हणत येणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या वाढते आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मोबाइलचा टच पूर्णपणे चांगला असतो. म्हणून पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगतो: स्क्रीन बदलण्यासाठी पैसे खर्च करण्याची घाई करू नका, आणि वडिलांच्या हाताला दोष तर मुळीच देऊ नका.

मोबाइलच्या काचेला दाब कळत नाही, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आजच्या मोबाइलमधील टच धारकतेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या गुणधर्मावर चालतो. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक थराच्या उभ्या आणि आडव्या रेघांची जाळी असते. हा थर बहुधा इंडियम आणि कथील या धातूंच्या ऑक्साइडचा असतो. एका दिशेच्या रेघांत सूक्ष्म विद्युतस्पंद सोडले जातात आणि दुसऱ्या दिशेच्या रेघांवर ते मोजले जातात, त्यामुळे रेघा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे काचेच्या वरपर्यंत पोहोचणारे एक अतिशय क्षीण विद्युतक्षेत्र तयार होते. माणसाचे शरीर खारट पाण्याने भरलेले असल्याने विजेचे वाहक असते, आणि बोट जवळ आले की दांडाने चाललेले पाणी मध्येच थोडे फोडून शेजारच्या वाफ्यात वळवावे तसा त्या क्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो. हा फरक एका पिकोफॅरडहूनही (धारकता मोजण्याचे अतिशय छोटे एकक) कमी असतो. टचची नियंत्रक चिप संपूर्ण जाळी सेकंदाला साठ, एकशे वीस किंवा त्याहूनही जास्त वेळा तपासते, कोणत्या छेदबिंदूंवर किती घट झाली याचा हिशेब करते आणि ती घट ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच “इथे बोट टेकले” असे मानते.

ही मर्यादा हाच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. ती फार खाली ठेवली तर पावसाचा थेंब, गाल किंवा खिशाचे कापडही बोट म्हणून गणले जाईल, आणि फार वर ठेवली तर खरे बोटही नाकारले जाईल. म्हणून उत्पादक ती मऊ, किंचित ओलसर त्वचेच्या बोटाला सोयीची अशी मधल्या ठिकाणी ठेवतात. कष्ट करणाऱ्या माणसाच्या बोटाची गोष्ट वेगळी असते. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो, आणि खुरपे, विळा, दोरी, कापसाच्या बोंडाची टोकदार टरफले यांच्याशी रोज झगडून तो थर जाड होतो. मराठवाड्यातील कोरड्या हिवाळ्यात त्यातला ओलावाही जातो आणि तो विजेचा जवळजवळ रोधक बनतो. त्यामुळे बोट काचेला टेकलेले दिसत असले तरी वीज वाहून नेणारी जिवंत, ओली त्वचा काचेपासून जरा दूरच राहते; आणि धारकता अंतर वाढले की घटते, स्पर्शाचे क्षेत्रफळ वाढले की वाढते. त्यात भेगा पडलेले बोट दुखू नये म्हणून माणूस बोटाचे फक्त टोक किंवा नखाची कड टेकवतो, म्हणजे क्षेत्रफळही कमी होते. या सगळ्यांचा एकत्रित परिणाम असा की चिपला मिळणारा संकेत मर्यादेखाली राहतो.

यातून आणखी एक अडचण उद्भवते आणि घरातील मंडळी ती हमखास चुकीच्या अर्थाने घेतात. स्क्रीन ऐकत नाही असे दिसल्यावर वडील बोट जोराने आणि जास्त वेळ दाबून धरतात, कारण आयुष्यभर वापरलेल्या प्रत्येक यंत्राने, मग तो स्टार्टर असो की रेडिओ, जोर लावल्यावर उत्तर दिलेले असते. मोबाइलमध्ये मात्र बोट रोखून धरणे ही वेगळीच आज्ञा ठरते. चिन्ह जागेवरून हलते, नवी यादी उघडते, कधी ॲप काढून टाकायचे का अशी विचारणा येते, आणि मग घरातले लहान मूल म्हणते की आजोबांनी मोबाइल बिघडवला. आजोबांनी काहीही बिघडवलेले नसते. यंत्राला हलक्या, क्षणभराच्या स्पर्शाची खूण हवी असते, ती त्यांच्या सवयीच्या उलट आहे आणि ती त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेली नसते.

उपायांकडे येताना सर्वांत आधी मोबाइलवरची टेम्पर्ड काच पाहा. फक्त कडांना चिकटणाऱ्या स्वस्त काचेखाली हवेची पोकळी राहते आणि आधीच क्षीण असलेला संकेत आणखी क्षीण होतो. पूर्ण पृष्ठभागाला चिकटणारी काच लावावी किंवा काही दिवस काच न लावताच वापरून पाहावे. त्यानंतर सेटिंगमध्ये डिस्प्लेच्या विभागात टच सेन्सिटिव्हिटी किंवा हातमोज्यांसाठीची सोय आहे का ते शोधा. ती प्रत्येक मोबाइलमध्ये नसते, पण असेल तर ती सुरू करताच वर सांगितलेली मर्यादा खाली येते आणि फरक ताबडतोब जाणवतो. अँड्रॉइडच्या सुलभता विभागात बोट किती वेळ रोखल्यावर ते “दाबून धरले” असे मानायचे, तो काळ लांबवता येतो. ज्येष्ठांच्या मोबाइलमध्ये तो सर्वांत लांब ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. वडिलांना बोटाचे टोक न वापरता पेराची मऊ बाजू आडवी टेकवायला शिकवा. बोटाला किंचित तेल किंवा मलम लावून नंतर पुसले तरी कोरडी त्वचा नरमते. मात्र ओले बोट वापरू नये, कारण काचेवर राहिलेले पाणी शेजारच्या रेघांना एकत्र जोडते आणि स्पर्श भलतीकडेच नोंदला जातो.

मोबाइल बाजेवर किंवा गादीवर ठेवून वापरण्यापेक्षा एका हातात धरून दुसऱ्या हाताने वापरावा. मोबाइल हातात असला की त्याच्या आणि शरीराच्या दरम्यान विजेचा मार्ग पूर्ण होतो आणि मोजमाप जास्त स्थिर येते. चार्जिंगला लावलेला असताना टच भरकटत असेल, आपोआप अक्षरे उमटत असतील, तर मोबाइलपेक्षा चार्जरवर अधिक संशय घ्यावा, कारण हलक्या प्रतीचा चार्जर जो विद्युतगोंगाट आत सोडतो त्यात बोटाचा संकेत हरवतो.

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरलेला उपाय म्हणजे रबरी टोकाचा टचपेन. त्याचे टोक विद्युतवाहक असते आणि दांडा धातूचा असतो. वडील तो पूर्ण मुठीत धरतात तेव्हा त्वचा जाड असली तरी स्पर्शाचे क्षेत्रफळ एका बोटाच्या टोकापेक्षा कितीतरी मोठे असते, म्हणून शरीराचा विद्युत संपर्क पेनमधून थेट काचेपर्यंत पोहोचतो. ई-पीक पाहणी करताना शेतात उभे राहून गट क्रमांक निवडायचा, पिकाची नोंद करायची आणि फोटो चढवायचा असतो. अशा कामाला तो खिशात असलाच पाहिजे.

एवढे करूनही स्क्रीनचा ठरावीक पट्टाच चालत नसेल आणि तो आपल्या बोटालाही चालत नसेल, तर मात्र दोष खरोखर टचमध्ये आहे. आता टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटलेले किंवा एकाच थरात घडवलेले असतात, त्यामुळे बहुतेक वेळा पूर्ण कॉम्बो, म्हणजे दोन्हींचा जोड, बदलावा लागतो. बदलताना स्वस्त लोकल कॉम्बो घेतला तर त्याची संवेदनशीलता मूळ भागापेक्षा कमी असू शकते, आणि ती उणीव मऊ बोटाच्या मुलाला न जाणवता घट्ट्यांच्या बोटाच्या बापालाच जाणवते. म्हणून दुकानातून निघण्यापूर्वी मोबाइल वडिलांच्या हातात देऊनच तपासावा.

बँकेतले जुने यंत्र त्यांना का चालते, याचे उत्तर आता सोपे आहे: जुन्या यंत्रांतील टचची तत्त्वे वेगळी असतात. रोधाधारित टचमध्ये वर लवचीक प्लास्टिकचा आणि खाली काचेचा असे दोन वाहक थर बारीक ठिपक्यांनी वेगळे ठेवलेले असतात. दाबल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि त्या जागेचा व्होल्टेज मोजून ठिकाण कळते. त्याला नख, पेनाचे टोपण, हातमोजा सगळे चालते. काही यंत्रांत चौकटीतून अदृश्य अवरक्त किरणांची जाळी सोडलेली असते आणि बोटाने किरण अडले की स्पर्श नोंदला जातो. तिथे त्वचेचा काही संबंधच येत नाही. इतिहासात मात्र धारकतेची पद्धत आधीची आहे. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली हवाई वाहतूक नियंत्रणासाठी तिची कल्पना मांडली होती, तर रोधाधारित पद्धत सॅम्युअल हर्स्ट यांच्या कामातून सत्तरच्या दशकात पुढे आली. २००७ साली आयफोन आला आणि त्यानंतर मोबाइलच्या जगाने दाबाची पद्धत जवळजवळ सोडून दिली, कारण धारकतेच्या काचेवर हलका स्पर्श पुरतो आणि अनेक बोटे एकाच वेळी ओळखता येतात.

आता आपला शेवटचा प्रश्न. टचस्क्रीनने आपल्याला फार मोठे देणे दिले आहे, हे मी मनापासून मानतो. बारा कळांच्या मोबाइलवर देवनागरीत “कृष्णा” लिहायला किती वेळा कळ दाबावी लागे, ते ज्यांनी केले त्यांना आठवत असेल. आज त्याच जागी हवा तो कळफलक उमटतो, बोटाने अक्षर गिरवता येते, आणि दृष्टिहीन व्यक्तीलाही टॉकबॅक या पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या साहाय्याने बोटाखालचे नाव ऐकून मोबाइल चालवता येतो. जिथे मजकूर बदलता असतो, पाहून निवड करायची असते, तिथे टचस्क्रीनला तोड नाही.

परंतु ज्या यंत्राकडे न पाहता, अंधारात किंवा ओल्या हातांनी काम करायचे असते, तिथे बोटाला जाणवणारे बटणच हवे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. रात्रीच्या पाळीची वीज आल्यावर चिखलाने भरलेल्या हाताने मोटार सुरू करणाऱ्या माणसाला हिरवे आणि लाल बटण चाचपून सापडते. आपल्या मतदान यंत्रावर प्रत्येक उमेदवारासमोर निळे बटण, दाबल्यावर लागणारा दिवा, ऐकू येणारा आवाज आणि शेजारी ब्रेलमधील क्रमांक असतो. ही रचना घट्ट्यांच्या हाताला आणि अंध मतदाराला सारखाच न्याय देते. रिझर्व्ह बँकेनेही १ जुलै २०१४ पासून बसणारी नवी एटीएम बोलणारी आणि ब्रेल कळा असलेली असावीत असा निर्देश दिला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ या अमेरिकी युद्धनौकेची टँकरशी टक्कर होऊन दहा खलाशी मृत्युमुखी पडले, तेव्हा चौकशीत सुकाणूच्या टचस्क्रीनच्या रचनेवरही बोट ठेवले गेले आणि नौदलाने वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवण्याचे ठरवले. मोटारगाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या मोजक्या क्रियांसाठी वेगळी बटणे असण्याला गुण देण्याचे जाहीर केले.

घरासाठी खरेदी करतानाही मी हाच विचार करतो. पाण्याच्या मोटारीसाठी मोबाइलवरून चालणारा ऑटो, म्हणजे ती मोटार सुरू-बंद करणारे उपकरण, घेणार असाल तर केवळ ॲपवर अवलंबून असणारा घेऊ नका. साध्या कळांच्या फोनवरून कॉल करून चालणारा आणि शिवाय स्वतःवर बटणे असलेला घ्या. वडिलांना बोलण्यापुरता फोन लागत असेल तर कळांचाच द्यावा, त्यात कमीपणा नाही. टचस्क्रीनचा मोबाइल लागणारच असेल तर अँड्रॉइडच्या सुलभता विभागातून पॉवर बटणाने कॉल बंद करण्याची सोय सुरू करून द्या आणि रोज बोलायच्या चार-पाच जणांची मोठी चिन्हे पहिल्याच पडद्यावर लावून ठेवा.