निवडून आला नि बदलला?

प्रश्न: आमच्या वाड्यावरचा एक पोरगा ग्रामसभेत डोंगर कापणाऱ्यांविरुद्ध भांडायचा. आम्हीच पैसे काढून त्याला पंच, म्हणजे पंचायतीचा सदस्य केला. आता तोच बिल्डरच्या दाखल्यावर गप्प बसतो नि दारात नवी गाडी आलीय. सत्ता माणसाला बिघडवते की बिघडलेलेच सत्तेत जातात?
एक वाचक, फोंडा तालुका, गोवा

उत्तर: मुळातच खायला गेलेले असतात ते असतातच, त्यांचं सोडा. तुम्ही विचारताय ते चांगल्याचं, आणि ते फार हळू होतं हो. पहिल्या महिन्यात कोण पैशांची बॅग घेऊन येत नाही. सकाळी सातला दारात उभा असतो तो तुमच्या-आमच्यातलाच, एकाला घर नंबर पाहिजे, दुसऱ्याच्या पोराला सरकारी नोकरी, तिसरा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरास स्पर्धेची पावती घेऊन येतो नि क्रिकेटवाल्यांना ट्रॉफी पाहिजेच. पंचाच्या मानधनात हे कुठून भागणार? मग ज्याची फाईल अडलेली असते तो म्हणतो, ट्रॉफी माझ्याकडून. झालं काम!

वरती तेच, फक्त रक्कम मोठी. गोव्याची विधानसभा 40 जणांची, सरकारला 21 पुरतात, म्हणजे दोन-चार आमदार हलले की खुर्ची हलते नि प्रत्येकाचा भाव वाढतो. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना देऊळ, खुरीस (क्रॉस), दर्गा सगळीकडे नेऊन पक्ष सोडणार नाही म्हणून शपथ घ्यायला लावली होती. 11 निवडून आले, त्यातले 8 सप्टेंबरात भाजपात. आठच का, तर नुसता पक्ष सोडला तर आमदारकी जाते, विलीनीकरण दाखवलं तर वाचते नि त्याला पक्षाचे दोन तृतीयांश आमदार लागतात, देवाचा नाही पण कायद्याचा हिशोब बरोबर पाळला. आणि भीती कुणाची? भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणारे लोकायुक्त मिश्रा 2020 मध्ये निवृत्त होताना बोलले की त्यांच्या अहवालांवर सरकारने काही केलंच नाही, त्यापेक्षा हे पद रद्द करा.

तर बिघडवते, पण एकटी सत्ता नाही, मागणारे आपण नि विचारणारं कोण नाही, ही दोन्ही मिळून. तुमच्या पोराचं अजून हाताबाहेर गेलं असेल असं मला वाटत नाही, पंच लहान गावात राहतो, त्याला लाज वाटू शकते. त्या दाखल्याचा ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचं हे इतिवृत्तात असतं, आरटीआय घालून कॉपी घ्या नि पुढच्या ग्रामसभेत त्याच्यासमोरच वाचा. गाडीचं मात्र काढू नका, लोनवर घेतली म्हणेल नि विषय तिथंच संपेल.